उरलेली लाकडं

आल्दोनाताईस व्हिल्नियसहून काझिसचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. बिटाचं सूप आणि बटाटे रोज हातानं करून खातो, तेव्हा काळजी नसावी. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या हीटिंगच्या ऑफिसात सामसूम आहे. सलग तीन दिवस पारा दहाच्या खाली राहिला की शहरातल्या घरांना ऊब देणारे रेडिएटर सुरू करायचे, हा नियम तुला ठाऊकच आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा ऑक्टोबर उजाडताच ते तापायचे. आता महिना सरत आला तरी तीन दिवस काही जुळत नाहीत. तक्रारींच्या फोनवर आम्ही चौघं होतो, आता मी एकटा.

आमच्या चौकातल्या म्हाताऱ्या स्टेफानियाबाई दर वर्षी फोनवर झापायच्या, "मेल्या, माझी हाडं गोठल्यावर देणार का ऊब?" यंदा त्यांचा फोन नाही. राहवेना म्हणून मीच लावला. म्हणाल्या, "अरे, खिडकी उघडी टाकून बसलेय मी. तुला शिव्या कशासाठी देऊ?"

लगोलग तुझं पत्र आलं. तू लिहिलंयस, गेल्या वर्षीची लाकडं उरलीत, यंदा फोडायला येऊ नकोस, उगाच हेलपाटा.

ताई, बाबा गेल्यापासून दर शरदात मी कुऱ्हाडीला धार लावायला म्हणून घरी येतो. दुसरं निमित्त शोधायची वेळच कधी आली नाही, आणि आता सुचतही नाही.

गरम झालं तर खिडक्या उघड्या टाक, पण शेगडी पेटव. ती लाकडं संपव.

तुझा धाकटा,
काझिस