दोन महिन्यांच्या आत

कोथरूड, पुणे
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अस्मिता हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

एकाच शहरात राहून पत्र कसलं पाठवतेस, म्हणून हसशील. आम्हा कोथरूडकरांना विश्रांतवाडी परदेशच, पण कारण ते नाही. फोनवर तू एक प्रश्न विचारतेस आणि मी लगेच विषय बदलते. कागदावर तशी सोय नाही.

उलट्या थांबल्या का? सोबत आवळासुपारी ठेवली आहे. सलिलरावांना संपवू देऊ नकोस.

सोमवारी अविधवा नवमीला बाबांकडे जेवायला आलीस, तेव्हा म्हणालीस, "डॉक्टरांनी आईच्या बाळंतपणाचं विचारलं. मी सांगितलं, नॉर्मल होतं, मी दीड वर्षाची असताना ती काविळीने गेली. बरोबर ना गं?" मी "हो" म्हटलं आणि खीर वाढायला घेतली. बाबा ताटातून वर बघेनात.

काल संस्थेत नव्या मुलींचं प्रशिक्षण होतं. निवृत्तीनंतर मी जाते ना, त्या पाहणीचं. गरोदरपणात आणि बाळंतपणात किती बायका दगावतात ते मोजायचं असतं. गेलेली बाई काही सांगायला येत नाही, आणि दाखल्यावर पुष्कळदा भलतंच कारण असतं. म्हणून बहिणींना विचारतात. जगात कितीतरी ठिकाणी असंच मोजतात. सरावासाठी सलोनी नावाच्या मुलीसमोर मीच बसले. तिने विचारलं, "तुमच्या आईला मुली किती? हयात किती? ज्या गेल्या त्या गरोदर असताना, बाळंत होताना, की बाळंतपणानंतर दोन महिन्यांच्या आत?"

मी म्हटलं, "यांपैकी काही नाही. कावीळ." तिने खूण केली. वर मीच सगळ्यांना सुनावलं, की खोटं उत्तर आलं तर एक बाई जगाच्या हिशेबातून पुसली जाते. सुनावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

अस्मिता, तुझी आई काविळीने गेली नाही. तू अकरा दिवसांची होतीस. वाढदिवस आणि श्राद्ध एकाच पंधरवड्यात आलं तर पोरीला कळेल, जन्मभर मनाला लावून घेईल, म्हणून तिची तिथी आम्ही कधी केलीच नाही. फक्त नवमी. ही अक्कल माझी. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, ते माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

पुढचं लिहिताना दोनदा उठले.

बाळंतपण कसब्यातल्या आपल्या घरी होतं. तो अकरावा दिवस, दुसऱ्या दिवशी तुझं बारसं, मी मोठी बहीण म्हणून सगळं हातात घेतलेलं. सकाळी हेमा म्हणाली, "ताई, डोकं फार ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." पायही सुजले होते. मी घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होते. म्हटलं, "बाळंतिणीला जागरणं असतातच. तुझ्या एकटीलाच मूल झालंय का?" कपाळाला बाम चोळला आणि दार ओढून घेतलं. तासाभराने झटके आले. दवाखान्यात नेलं, पण दुपारी ती गेली. रक्तदाब, म्हणाले डॉक्टर. सकाळी आणली असती तर, एवढंच बोलून थांबले.

आईला हे झालं असेल तर मुलीलाही धोका जास्त असतो. म्हणजे होईलच असं नाही. पण डॉक्टरांना माहीत असेल तर ते पहिल्यापासून लक्ष ठेवतील, लागलं तर औषध देतील. आमच्या खोट्यामुळे तुझ्या कागदावर "नॉर्मल" लिहिलं गेलंय. ते उद्याच्या उद्या बदलून घे. माझ्यावर चिडायला पुढे आयुष्य पडलंय, आधी दवाखाना.

आणि डोकं दुखलं, नजर अंधारली, पाय सुजले, तर "हे असतंच" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नकोस. सासूबाईंचं नाही, माझं तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी विचारलं तर सांग: आई बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी झटके येऊन गेली. तुझ्या जन्मामुळे नाही गं. तिने सांगितलं होतं, आणि ऐकणारी मी होते.

तुझी,
पद्मजामावशी