लाल कार्डांचा वारस

मी, प्रज्वल भिमाजी केकाण, वय २४, शिक्षण नववीपर्यंत, काम रुग्णसेवक, आधारवेल वृद्ध शुश्रूषा केंद्र, रहाटणी, राहणार दिघी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. आज ते जरा जोरात पळते आहे इतकेच, कारण रविवारी आमच्या पेशंट मंजुळाबाईंची जखम भरली! त्रेचाळीस दिवसांनी!

येत्या गुरुवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. आमचे डॉक्टर सलिल म्हणतात, "अरे, किरकोळ आहे." पण राहून जातात त्या किरकोळ गोष्टीच, म्हणून लिहून ठेवतो.

१. घर नाही. खोली भाड्याची. बँकेत असेल ते आणि सायकल माझी आई विजयश्री हिला. सायकलचा मागचा ब्रेक आधी तपासून घ्यावा.

२. गजराचे घड्याळ, टॉर्च व नेलकटर कस्तुराला. ती कामावर नवीन आहे, पण पाणी पाजण्याआधी पेशंटला उठवून बसवते, कोणी न सांगता. घड्याळ दर दोन तासांनी वाजते. वाजले की मंजुळाबाईंची कूस बदलायची. पक्षाघातामुळे त्यांना स्वतःला वळता येत नाही.

३. हे कलम लिहायला जड जाते, तरी लिहितो. डिसेंबरात केंद्राची तपासणी होणार होती. रजिस्टरात एकही चौकट रिकामी दिसू नये म्हणून मी शिफ्ट सुरू होतानाच कूस बदलल्याच्या सगळ्या वेळा भरून टाकायचो. मनात होते, वळवणारच आहे. त्या आठवड्यात दोन माणसे रजेवर गेली. वेळा कागदावर राहिल्या आणि मंजुळाबाईंच्या माकडहाडापाशी जखम झाली. तपासणीला आलेल्यांनी माझ्या अक्षराचे कौतुक केले.

पकडले ते उद्धवरावांनी. ते चार नंबरच्या खोलीत राहतात, चाकणला कंपनीत एकतीस वर्षे क्वालिटीला होते. रजिस्टर चाळून म्हणाले, "भावा, एक डाग नाही, एक खाडाखोड नाही. सगळं एकाच पेनानं, एकाच दमात. खरं रजिस्टर मळतं रे." आणि रजिस्टरला लाल कार्ड बांधले. कंपनीतली रीत अशी: सदोष वस्तूला लाल कार्ड लावायचे, कार्ड असेतोवर ती वापरायची नाही, आणि ज्याने लावले त्यानेच दोष गेल्याची खात्री करून काढायचे.

मी केंद्राच्या चालक निवेदिता मॅडमना सगळे सांगितले आणि बॅग भरायला निघालो. त्या म्हणाल्या, "बॅग नंतर. आधी त्यांना वळव. मग घड्याळ बघून वेळ लिही. चुकलं तर चौकट रिकामी ठेव, मला रिकामी दिसू दे."

तेव्हापासून केंद्रभर लाल कार्डे चालतात.

४. म्हणून माझ्या कपाटातला लाल कार्डांचा गठ्ठा, सुतळीसह, कस्तुराला. अट एकच: कार्ड कोणावरही लावताना घाबरायचे नाही, मॅडमच्या खुर्चीवरसुद्धा.

५. बंटी हा माझ्याबरोबरचा रुग्णसेवक. चाकाच्या खुर्चीला ब्रेक न लावता तो फोनवर बोलतो. त्याला माझे रबरी तळाचे बूट देतो, क्षमा देत नाही. सलग महिनाभर ब्रेक लावला तर कस्तुराने माझ्या वतीने क्षमा करावी.

६. पेशंटला दोघांनी मिळून उचलायचे, हा नियम मीच भिंतीवर लिहिला आणि घाईत मीच मोडला. हर्निया त्याचाच. माझ्या माघारी कोणी एकट्याने उचलू नये.

७. मंजुळाबाईंची मी माफी मागितली होती. त्या म्हणाल्या, "माफी ऱ्हाऊ दे, वळव आधी. भाकरी हाय का मी, एका अंगानं करपायला?" रविवारी पट्टी निघाली तेव्हा त्यांनी स्वतः वेळ विचारली आणि म्हणाल्या, "लिव्ह, टिकमार्क!" हे नाव मी आनंदाने घेतो. त्यांना देण्याजोगे माझ्याकडे वेळेवर येणे आहे, ते सर्वांनी मिळून द्यावे.

८. उद्धवरावांना काहीही देत नाही. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे कळले. "एकतीस वर्षांच्या अनुभवाला नुसती सही?" असे ते रागावून म्हणाले. मी नाइलाज सांगितला.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. कलम तीनमध्ये एक खाडाखोड होती, ती मुद्दाम तशीच ठेवली आहे.

ठिकाण: रहाटणी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे (आधी मंजुळाबाईंना डाव्या कुशीवर वळवून)

सही: प्रज्वल भिमाजी केकाण

साक्षीदार १: डॉ. सलिल. लिहिणारा शुद्धीवर आहे, फक्त नाडी जलद.

साक्षीदार २: उद्धवराव. माझ्यादेखत सही केली. सही झाल्यावर कस्तुराकडून एक लाल कार्ड मागून घेतले आणि पोराच्या शर्टाच्या गुंडीला बांधले. त्यावर लिहिले: "दुरुस्तीला पाठवला आहे." लावले मी, काढणारही मीच. तेव्हा त्याने परत यावे.