भागीरथीचा अंगठा

खरवई, बदलापूर

प्रिय भागीरथी,

हे अक्षर माझंच आहे, माझ्या विक्रांतच्या पोरीकडून लिहून घेतलेलं नाही. पेनावर स्पंज गुंडाळून ते जाडजूड केलंय. चार ओळी झाल्या की हात मांडीवर ठेवते, चहा पिते आणि परत लिहायला घेते. फोन करता आला असता, पण फोनवर तू "हां वयनी, बरं वयनी" करून ठेवून देतेस. आमच्या जिज्ञासाच्या लग्नाची पत्रिका मी तुझ्या स्वप्नालीच्या हाती अंबरनाथला पाठवली. तू ती हळदकुंकू लावून देवापाशी ठेवलीस म्हणे, पण येणार की नाही यावर चकार शब्द नाही. विक्रांतच्या हळदीपासून नऊ वर्षं तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस, आणि आता हे घरातलं शेवटचं लग्न आहे.

आधी तुझ्या लेकीचे आणि तुझे उपकार मानते. नाहीतर माझी सवय तुला माहीत आहे, बोलण्याच्या भरात तेच राहून जायचं. माझा उजवा अंगठा गेल्या पावसाळ्यापासून दुखतोय. सुरुवात कोळंबीपासून झाली. सोलायला बसले की चिमटीतून कळ निघायची ती थेट मनगटापर्यंत. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना, कुलपात किल्ली वळेना, ओलं लुगडं पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मी काय केलं असेल? कुणाला सांगितलंच नाही. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं, आणि शीर चढली असेल म्हणून गावातल्या अण्णाकडे जाऊन अंगठा ओढून घेतला. त्याने असा हिसका दिला की आठ दिवस हात सुजून राहिला. तरी मी त्याला नारळ देऊन आले, इतकी मी शहाणी.

घरात मात्र थाट तोच. कोळंबीने हाताला खाज येते असं सुनेला सांगून टाकलं. मग एक दिवस शीला तिच्या आईशी फोनवर बोलत होती, तिच्या आवाजात राग नव्हता, सहज सांगत होती, की आईंना आता कामाचा कंटाळा आलाय, काही ना काही निमित्त काढतात. मी दाराआड उभी होते. दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथे तिची हजेरी घेतली असती. पण मी आल्या पावली मागे फिरले, कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला स्वप्नालीच्या दवाखान्यात गेले. पोरगी पांढऱ्या कोटात काय रुबाबदार दिसते गं. तिने माझा हात हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, बरोबर एका जागी दाबलं आणि विचारलं, "काकू, इथे?" मी किंचाळलेच. एक्स-रे लावून तिने दाखवलं, की त्या सांध्यातली गादी झिजलीय आणि हाड हाडावर घासतंय. चिमटीत किलोभर जोर लावला की या बुडाच्या सांध्यावर दहा-बारा किलोंचा भार येतो, म्हणून वरून काही दिसत नाही आणि आत जीव जातो. झिजलेलं भरून येणार नाही, पण दुखणं पुष्कळ कमी होईल म्हणाली. ओढायचं नाही, चोळायचं नाही. कामाच्या वेळी पट्टा बांधायचा, सकाळी कोमट पाण्यात हात शेकायचा, जड वस्तू चिमटीने न उचलता दोन्ही तळव्यांनी उचलायची, सुरी-उलथन्याच्या मुठी जाड करून घ्यायच्या आणि दुखायच्या आधी थांबायचं. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड जातं.

इतकी बरोबर जागा हिला कशी सापडली, म्हणून मी कौतुकाने विचारलं. ती पट्टा बांधता बांधता म्हणाली, "आईच्या हातावर शिकले." भागीरथी, त्या खुर्चीवर मला विक्रांतची हळद दिसली. मांडवाच्या मागे चुली पेटलेल्या, भावकीतल्या चाळीस बायका तांदळाच्या भाकऱ्यांना बसलेल्या, आणि तुझ्या पुढ्यात उकडीचा गोळा तसाच. तू हळूच म्हणालीस, "वयनी, मना नाय जमत, आंगठ्यान जीव नाय रला." आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कामाला बसली की हिचा आंगठा दुखतो, जेवायला बसली की बरा होतो." वर तुझ्यासमोरची परात ओढून घेतली. बायका हसल्या. तू पदराला पीठ पुसलंस आणि हळद लागायच्या आधी निघून गेलीस. मागाहून मी सगळ्यांना सांगत राहिले की भागीरथीला गर्व झालाय.

आणि तू काय केलंस? माझं कळल्यावर बरणीची झाकणं उघडायचा रबरी तुकडा पाठवलास, तुझ्या वापरातला. सोबत निरोप, की पट्टा पहिले पंधरा दिवस टोचतो, पण वहिनीला सांग काढू नको. मी काढला नाही. सोळाव्या दिवशी टोचायचा थांबला आणि तीन महिन्यांनी मी स्वतः कुलूप उघडून घरात गेले. त्या दिवशी मी देवाआधी तुझं नाव घेतलं, हे खरं सांगते.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माफी मागायला लिहितेय असं वाटेल, पण तसं नाही. अपमान चाळीस बायकांत करायचा आणि माफी कागदाची घडी करून गुपचूप पाठवायची, हे मला पटत नाही. जिज्ञासाच्या हळदीला भाकऱ्यांना हात लावायच्या आधी मी त्याच बायकांसमोर उभी राहून सगळं सांगणार आहे. तू तिथे बसलेली असावीस ही माझी इच्छा आहे, हट्ट नाही. पण तुझं दुखणं चारचौघींत काढायचा मला हक्क नाही. एकदा न विचारता काढलं होतं, म्हणून या वेळी आधी विचारते, चालेल का तुला? नको म्हणालीस तर तुझ्या हाताबद्दल अवाक्षर काढणार नाही. मी परात ओढली आणि खोटं बोलले, एवढंच सांगेन. तेवढं तर माझं स्वतःचं आहे.

उत्तराची वाट बघणारी, तुझीच थोरली जाऊ,
जनी