सध्या

चष्मेवाली,

पाच महिने झाले, मी मामाच्या शिडाच्या बोटीवर राहतोय. कॉलेज सोडून आलो तेव्हा वाटलं होतं, वारा, समुद्र आणि नुसती ऐश. प्रत्यक्षात सकाळी उठून आधी तळात साचलेलं पाणी उपसतो, मग फाटलेलं शीड शिवतो, तोवर संडास तुंबलेला असतो.

मागच्या आठवड्यात मी पाण्याचा पंप जोडला आणि तोऱ्यात ओरडलो, "मामा, पंप कायमचा दुरुस्त!"

मामा म्हणाला, "जीभ आवर, शहाण्या. बोटीवर कायमचं काही नसतं. 'सध्या चालतोय' म्हण आणि उद्या परत बघ."

दुसऱ्या दिवशी पंप बंद. मामा न चिडता पाना घेऊन बसला. वीस वर्षं तो असंच रोज बघतोय, इतका त्याचा या बोटीवर जीव आहे.

तेव्हा कॅन्टीनमधली तू आठवलीस. मी हट्टालाच पेटलो होतो, "एकदाच काय ते सांग, मी तुला कायम आवडेन ना?" तू म्हणालीस, "सध्या आवडतोस. उद्याचं उद्या विचार."

त्या 'सध्या'चा मला इतका राग आला, की खुर्ची लाथाडून निघालो तो कॉलेजातूनच. तू उद्या पुन्हा ये म्हणत होतीस, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

परवा आम्ही तुझ्या गावच्या धक्क्याला लागतोय. हे पत्र टाकणार नाही. उत्तराची वाट बघताना मी पुन्हा तापेन. त्यापेक्षा स्वतःच येतो. हात ग्रीसने काळे असतील. दार उघडलंस तर एवढंच विचारीन, "आज आत येऊ का?"

तुझाच,
भडकू