हायड्रोजन घेतलेला माणूस

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या माणसाने चार ओळी लिहून ठेवायला हव्यात. फक्त स्वतःसाठी. मागची पानं चाळायची नाहीत. पुढे बघणारा माणूस आहे मी.
आमच्याच औषधांच्या दुकानात, काउंटरमागे कोसळलो. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हिने छाती दाबदाबून दोन बरगड्या मोडल्या. जीव जरा हलक्या हाताने वाचवता येत नाही का बायकोला? पुढे आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना, नव्या प्रयोगात, ऑक्सिजनमधून किंचित हायड्रोजन. हृदय थांबल्यावर मेंदूचं होणारं नुकसान त्याने टळतं का, हे डॉक्टर शोधतायत. शोधताय काय, मला बघा!
संकल्प: महिनाअखेर काउंटरवर.

७ मार्च
मेंदू कधी नव्हे इतका लख्ख. शाळेत माझ्या बाकावर बसणारे सगळे ओळीने आठवले. सकाळची गोळी घेतली का, तेवढं आठवेना. ती काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे? ही म्हणाली, घेतलीत.

९ मार्च, दुपार
शेजारच्या रिटायर्ड बँकवाल्यांना हायड्रोजन सविस्तर समजावला. म्हणाले, कालच सांगितलंत. काही तरीच. वय झालंय बिचाऱ्यांचं.

१२ मार्च
चहात मीठ. मुद्दामच टाकलं, जिभेची चव परत आली का ते तपासायला. आली आहे.

१५ मार्च
लेकीने सुचवलं, बाबा, अजून थोडे दिवस घरीच आराम करा. तीही फार्मासिस्ट, सध्या दुकान तीच बघते. खुर्ची सोडवत नाही, दुसरं काय! हिने तिचीच री ओढली. वर दुकानाच्या किल्ल्या लपवून ठेवल्या. मी शोधून काढल्या आणि चांगल्या सुरक्षित जागी ठेवल्या. आता सापडत नाहीत. लेकीने हलवल्या असणार.

१९ मार्च, रात्री जेवणानंतर
दुकानात गेलोच. गिऱ्हाइकांनी हात हातात घेतले. बरं वाटलं, डोळे भरून आले. लेक दिवसभर पाठीशी उभी राहून शिकत होती. मी औषध काढून द्यायचो, ती एकदा चिठ्ठी बघायची आणि दुसरंच काढून द्यायची. एका बाईंना ब्लडप्रेशरच्या गोळ्यांऐवजी डायबेटिसच्या जाणार होत्या. कंपन्यांनी सगळी पाकिटं एकाच रंगाची केल्यावर माणसाने करायचं काय?
संध्याकाळी लेक मागच्या खोलीत रडत होती. पोरीला धंद्याचा ताण झेपत नाही. तिला मोकळं करायला हवं.

२१ मार्च
ठरलं. सोमवारपासून पूर्णवेळ मी. लेकीला म्हटलं, महिनाभर कुठेतरी फिरून ये. पेंटरला बोर्ड सांगितला: ‘हायड्रोजन घेतलेले फार्मासिस्ट येथे स्वतः बसतात.’ पेंटरने दोनदा विचारलं, नक्की ना? सामान्य माणसाची झेप ती केवढी.

२३ मार्च, संध्याकाळ
उद्या सोमवार. पांढरा कोट इस्त्री करून ठेवला. ही समोर येऊन बसली आणि म्हणाली, “तुम्हाला हायड्रोजन दिलेलाच नाही. डॉक्टरांनी माझी परवानगी मागितली होती. मी नको म्हटलं.”
का, तर घाबरली होती. माणूस हातचा जातोय की राहतोय कळेना, त्यात नवे प्रयोग कुठे करू द्यायचे. मला आपला साधा ऑक्सिजन मिळाला, सगळ्यांना मिळतो तोच.
मी भयंकर चिडलो. एवढी मोठी गोष्ट, आणि मला आज सांगतेस?
“आज तिसऱ्यांदा सांगतेय,” ती म्हणाली.
एकदा इस्पितळात, एकदा घरी आल्यावर. दोन्ही वेळा मी असाच चिडलो म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा हायड्रोजन सुरू. घरात बसून बढाया मारण्याने कोणाचं बिघडत नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. पण काउंटरवर लोकांच्या जिवाशी गाठ आहे.
भीती वाटली. कोसळलो तेव्हाची भीती मला आठवतच नाही, त्यामुळे ही पहिलीच.
मग तिला बजावलं. दुकानात मला बसू देऊ नकोस, काय वाटेल ती सबब सांग. पण उद्या मी हे विसरलो, तर पुन्हा सांगू नकोस.
ती बरं म्हणाली. मागच्या वेळीही हेच बजावलं होतंत, म्हणाली.