पाहुणे आले आणि भिंतीवर शनी

आदरणीय बायनाबाई,

भद्रावतीहून धाकट्या भावाचा, लहानूचा, राजुऱ्यापर्यंत ऐकू जाईल असा जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे आज आहोत. रविवारी हर्षाला पाहायला पाहुणे आले तेव्हा नव्हतो.

तुझी भाची शाळेत विज्ञान शिकवते हे ठीक, पण तिनं बैठकीची अख्खी भिंत अंतराळयानांनी काढलेल्या फोटोंनी भरली आहे. कड्यांसकट शनी, लाल डागाचा गुरू, आणि पार टोकाला प्लूटोच्याही पलीकडचा आरोकॉथ नावाचा तांबूस दगड (एकमेकांना चिकटलेले दोन बटाटे समज). मी रोज कुरकुरतो. त्या दिवशी तुझ्या भावजयीनं, कमळानं, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातले, झेंडूचे चार उरले. वाया कशाला घालवायचे, म्हणून मी ते शनी, मंगळ, गुरू, शुक्र यांना घातले. डास फार, म्हणून खाली स्टुलावर डासांची अगरबत्ती लावली. (तू हसू नकोस.)

मुलाचे, म्हणजे अश्वजितचे, वडील इसरूभाऊ दारातच थबकले. ज्यानं पत्रिका-मुहूर्तांशी जन्मभर भांडण केलं, त्या माणसासमोर हार घातलेला शनी! चपलाही काढेनात. "लहानूभाऊ, तुमी ग्रहं पुजून राह्यले काय? आमाले नाई जमत हे." हर्षा आणि अश्वजित एकाच शाळेत शिकवतात, त्यांचं मनातून केव्हाच जमलेलं. पोरीचा चेहरा उतरला.

मी नुसताच "डास, डास" म्हणत राहिलो. हर्षानं हार काढले आणि इसरूभाऊंना एकेका फोटोपुढे नेलं. यातला कोणी कोपत नाही, कोणाला तेल लागत नाही, असं सांगत ती त्या बटाट्यांपाशी आली. हे दोन वेगळे दगड होते म्हणे. हळूच जवळ आले, टेकले आणि चार अब्ज वर्षं तसेच आहेत. इसरूभाऊंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"यायची पत्रिका कोनं पाह्यली होती?"

"कोणीच नाई, बाबा." (ती 'बाबा' म्हणाली, हे सगळ्यांनीच ऐकलं.)

"मंग तुमची तरी काऊन पाहाची?" म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि चहा मागितला. पोहे दोनदा घेतले. लग्न दिवाळीच्या सुट्टीत. बाई, मी फार खूश आहे.

तुझा,
लहानू

ता. क. : लग्नाला आठ दिवस आधी ये.

आणखी ता. क. : खरं काम राहिलंच. हर्षा सगळे फोटो सासरी नेणार आहे. तुझ्या प्रफुलच्या मोबाइलवर ते पाठवलेत; तिकडून गुपचूप छापून, चौकटी करून आण. कमळाला कळू देऊ नकोस, तिला मी "बरं झालं, भिंत सुटली" असं म्हणून बसलोय. पण ती पोर गेल्यावर रिकामी भिंत मला बघवायची नाही.