एकतीस चेहरे परत करण्याबाबत

मी, ॲडलेड थॉर्सन, वय अठ्ठावन्न, मूळ गाव डुलुथ, मिनेसोटा, गेली बारा वर्षे मुक्काम पॅरिस, धंदा शिल्पकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. प्लास्टरची धूळ छातीत बसली आहे, डोक्यात नाही.

१. माझ्या कारखान्याच्या भिंतीवर प्लास्टरचे एकतीस साचे आहेत. लढाईत ज्यांचे नाक, गाल, हनुवटी गेली, त्या सैनिकांचे हे चेहरे, जखमांसकट, जसे होते तसे. त्यांवरूनच मी तांब्याच्या पत्र्याचे मुखवटे घडवून त्यांना दिले. माझा धाकटा भाऊ एल्मर याला हे साचे गावच्या युद्धस्मारकात काचेच्या कपाटात मांडायचे आहेत. "ताई, तुझंच नाव होईल गं," असे लिहितो. त्याला एकही साचा देऊ नये. ज्याचा चेहरा त्याला परत करावा. ज्याचा पत्ता लागणार नाही त्याचा साचा हातोडीने फोडावा. ही माणसे माझ्यासमोर उघड्या चेहऱ्याने बसली ती माझ्यावर विसंबून, शाळेच्या सहलींसाठी नव्हे.

२. कारखाना, हत्यारे व रंग आन्सेल्म कॉर्व्हेल यास मिळावेत. हा पूर्वीचा पोस्टमन. नाक आणि डावा गाल लढाईत गेला. मी सगळे मुखवटे युद्धाआधीच्या फोटोंवरून रंगवले, ही माझी घोडचूक. मुखवटा दिल्यावर सात वर्षांनी आन्सेल्म दारात उभा. म्हणाला, "बाई, कपाळ चौतिशीचं आणि गाल तेविशीचा. पाववाली विचारते, अर्धा धाकटा भाऊ बरोबर आणलात का?" मी हसले आणि मग खूप रडले. तेव्हापासून आम्ही दोघे दर वर्षी येईल त्याच्या मुखवट्यावर सुरकुत्या रंगवतो. ते काम त्याने चालू ठेवावे. त्याने स्वतःचा मुखवटा मात्र खुंटीला टांगला तो कायमचा. आमचे लग्न झालेले नाही. चौकशी करणाऱ्यांनी आपापल्या घरचे बघावे.

३. दोन वर्षांपूर्वी एल्मर सपत्नीक आला होता. जेवताना मला म्हणाला, "ताई, त्यांना तेवढा मुखवटा लावायला सांग ना. हिला घास उतरत नाहीये." आन्सेल्म खुंटीवरचा मुखवटा आणायला उठला. मी त्याला हाताला धरून खाली बसवले आणि एल्मरच्या पुढ्यातले सूप उचलून नेले. त्याबद्दल मी माफी मागितली नाही, मागणारही नाही.

४. मला इथेच पुरावे. युद्ध संपल्यावर स्वस्ताई बघून इथे आलेल्या माझ्या देशबंधू कलावंतांनी कॅफेत हवे तेवढे प्यावे, पण माझ्यावर कविता करू नयेत.

५. मी मेल्यावर आन्सेल्मने माझ्या चेहऱ्याचा साचा घ्यावा. सुरकुत्या, चामखीळ, वाकडे तोंड, काहीही घासून नीट करू नये. तो भुशात बांधून एल्मरला पाठवावा. एल्मर, कपाटात चेहरा मांडायचाच असेल, तर आपल्या घरातला मांड.

सही : ॲडलेड थॉर्सन
साक्षीदार : वेन्डेल प्रुएट, कवी (सही करताना प्यायलेला नव्हता, मी स्वतः खात्री केली)
साक्षीदार : लेओन्तीन बासार, इमारतीची राखणदार
पॅरिस, ९ नोव्हेंबर १९२७